एसटीतला ॲरिस्टॉटल

इंदापुरात ग्रीक कुणी शिकत नाही, आणि बारामतीत लॅटिनचा वर्ग चालतो असं मी कधी ऐकलेलं नाही. तरी दर जूनला आमच्या भागातली बरीच पोरं ॲरिस्टॉटलच्या तावडीत सापडतात, कारण तो अभ्यासक्रमात आहे. एम.ए. इंग्रजीला त्याचं काव्यशास्त्र आणि सोफोक्लीसचा ईडिपस. राज्यशास्त्राला प्लेटोचं आदर्श राज्य. गावोगावच्या अभ्यासिकांमध्ये रात्री बारापर्यंत दिवे जळतात, तिथं ज्यांनी यूपीएससीला राज्यशास्त्र घेतलंय त्यांच्याही मानगुटीवर हेच दोघे. अथेन्समधली ही माणसं इथवर पोचतात ती गाइडमधून. वर प्रश्न, खाली आठ मुद्दे, मुद्द्याखाली एखादं अवतरण. ते कुणाचं, कुठल्या पुस्तकातलं, याचा पत्ता बहुधा नसतोच.

मी इंग्रजीचा तासिका तत्त्वावरचा मास्तर. आमच्यात सीएचबी म्हणतात. तासाप्रमाणे पैसे, तेही सत्र संपल्यावर कधीतरी. सकाळी बारामतीत तास, दुपारी इंदापुरात, मध्ये एसटी. भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी हा रस्ता मला डोळे मिटून येतो. गाळप हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्यांमागे एसटी अडकली की प्रवासी वैतागतात. मला तेवढीच पानं जास्त वाचून व्हायची.

वाचायचो फोनवर. त्याआधी मूळ पुस्तक हाताशी असणं ही आमच्यासारख्यांसाठी चैन होती. एका कॉलेजच्या ग्रंथालयात विंदा करंदीकरांनी केलेलं काव्यशास्त्राचं १९५७ सालचं मराठी भाषांतर होतं, पण ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून प्लेटो वाचायला कोण बसणार? सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा झाला. ही ग्रीक-रोमन पुस्तकं त्याच्या कितीतरी आधीपासून फुकट होती. एमआयटीवरचं इंटरनेट क्लासिक्स आर्काइव्ह १९९४ सालापासून आहे. पर्सियस हे टफ्ट्स विद्यापीठातलं डिजिटल ग्रंथालय तर १९८७ सालच्या प्रकल्पातून उभं राहिलं आणि १९९५ला इंटरनेटवर आलं. फुकट असणं आणि निमगाव केतकीच्या फाट्यावर उघडणं, यात वीसेक वर्षांचं अंतर पडलं इतकंच.

पहिल्यांदा वर्गात दाखवलं ते बुचरनं केलेलं काव्यशास्त्राचं इंग्रजी भाषांतर. मुलांना धक्का बसला तो त्याच्या आकाराचा. एवढंसंच? सव्वीस छोटी प्रकरणं. त्याच्यावरचं गाइड त्याच्यापेक्षा जाड. एका मुलीनं तर विचारलं, "सर, मग हेच का नाही वाचायचं?" याला उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही तेच वाचायला घेतलं.

त्या वर्गात एक मुलगी निमगावकडून यायची. वर्गात फारसं न बोलणारी, पण वहीत सगळं टिपणारी. गाइडमध्ये लिहिलं होतं की ॲरिस्टॉटलनं शोकात्मिकेसाठी तीन एकत्वं सांगितली: कृतीचं, काळाचं आणि स्थळाचं. परीक्षेला हा प्रश्न वरचेवर येतो. तिनं फोनवर पान उघडलं आणि 'प्लेस' हा शब्द शोधायला लावला. शब्द सापडला, पुष्कळदा सापडला, पण 'पहिल्या प्रथम' किंवा 'घडते' अशा अर्थांच्या वाक्यांत. नाटक एकाच ठिकाणी घडलं पाहिजे असा नियम कुठंच नाही. काळाबद्दल पाचव्या प्रकरणात एक वाक्य आहे: शोकात्मिका शक्यतो सूर्याच्या एका फेऱ्यात आटोपायचा प्रयत्न करते, किंवा थोडी पुढे जाते. हा नियम म्हणावा की आसपास जे दिसलं त्याची नोंद? कृतीचं एकत्व मात्र तो आठव्या प्रकरणात ठासून मांडतो. एकाच माणसाच्या आयुष्यात घडलं म्हणून ते एक कथानक होत नाही, हे त्याचं म्हणणं त्या मुलीला फार आवडलं. आमच्याकडच्या निम्म्या मालिका यात नापास होतात, असंही ती म्हणाली.

तीन एकत्वांची पक्की चौकट ही नंतरची. कास्तेलवेत्रो नावाच्या इटालियन पंडितानं १५७० साली काव्यशास्त्रावर भाष्य लिहिलं, त्यात स्थळाचा नियम बसवला गेला. पुढे फ्रेंचांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे आमच्या पोरांनी पाठ केलेला ॲरिस्टॉटल हा बराचसा सोळाव्या शतकातला इटालियन माणूस होता. 'कथार्सिस'चंही तसंच. गाइडमध्ये त्यावर चार पानं असतात. मुळात हा शब्द दोनदाच येतो: सहाव्या प्रकरणात व्याख्येच्या शेवटी, आणि सतराव्यात ओरेस्टीसच्या शुद्धिविधीचा उल्लेख म्हणून, म्हणजे वेगळ्याच संदर्भात. स्पष्टीकरण कुठंच नाही. जगभरच्या पंडितांनी एका ओळीवर एवढा डोलारा उभा केलाय हे कळल्यावर वर्गात जो हशा पिकला, तसा एरवी माझ्या विनोदांवर पिकत नाही.

मग मार्चमध्ये प्रश्न आला: ॲरिस्टॉटलच्या तीन एकत्वांची चर्चा करा. "सर, काय लिहायचं?" मी सांगितलं, आधी गाइडमधलं लिहा, परीक्षकाला घाई असते. मग शेवटी चार ओळींत पाचवं आणि आठवं प्रकरण काय म्हणतं ते लिहा. काहींनी लिहिलं. निमगावच्या पोरीनं उलट क्रमानं लिहिलं. मार्क बरे पडले. ते कशामुळे पडले, हे उत्तरपत्रिका तपासणारालाच माहीत.

आता जरा कटकटींबद्दल. फुकट मिळतं ते जुनं मिळतं. भाषांतरकाराचा हक्क संपला की पुस्तक इंटरनेटवर येतं. त्यामुळे प्लेटो भेटतो तो जोवेटच्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ती इंग्रजी म्हणजे दुसरी ग्रीकच. त्या काळचं सोवळंही त्यात येतं. रोमन कवी मार्शलच्या चावट कविता लोएब मालेच्या १९१९च्या भाषांतरात इंग्रजीत न देता इटालियनमध्ये दिल्या होत्या, जणू इटालियन वाचणाऱ्यांचं चारित्र्य बिघडत नाही. नवी, चांगली भाषांतरं पैसे भरून मिळतात, आणि ते पैसे आमच्या तासिकांच्या हिशेबात बसत नाहीत. जेस्टोरवर नाव नोंदवलं की महिन्याला ठरावीक लेख फुकट वाचता येतात, तेवढा आधार.

म्हणून मी एक क्रम लावला. आधी मराठी विश्वकोश. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं हे काम आता इंटरनेटवर फुकट आहे, आणि ग्रीक साहित्य, होमर, रोमन संस्कृती यांवरच्या नोंदी कुठल्याही गाइडपेक्षा उजव्या आहेत. माहिती जुनी असेल, पण लिहिणाऱ्याला विषय माहीत होता हे वाक्यावाक्याला कळतं. मग विंदांचं पुस्तक, किल्लीवाला माणूस रजेवर नसेल तर. ईडिपससाठी पु. लं.चं 'राजा ओयदिपौस'. इंग्रजी सगळ्यात शेवटी. या क्रमावर एका सहकारी मॅडमनी आक्षेप घेतला की मुलं इंग्रजी साहित्याची आहेत. खरंय. पण पोहायला शिकवताना कुणी थेट उजनी धरणात ढकलत नाही.

पर्सियस मी मुद्दाम नंतर दाखवायचो, कारण ते पाहून मुलं बिथरतात. तिथं होमरची मूळ ग्रीक ओळ असते. एकेका शब्दावर बोट ठेवलं की तो कुठल्या क्रियापदाचं कुठलं रूप, विभक्ती कुठली, हे उलगडतं, आणि शेजारी लिडेल-स्कॉटचा जाडजूड शब्दकोश उघडतो. गंमत अशी की बी.एस्सी.ची दोन पोरं एकदा सहज वर्गात येऊन बसली आणि त्यांनी अख्खी ओळ अडखळत का होईना वाचून दाखवली. अल्फा, बीटा, थीटा, लॅम्डा, सिग्मा, ओमेगा त्यांना पदार्थविज्ञानानं आधीच शिकवले होते. कलाशाखेवाल्यांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. तिसऱ्या तासाला मात्र विज्ञानवाले आले नाहीत, प्रॅक्टिकल होतं.

मग टगर नावाचं एक प्राचीन शहर वर्गात आलं. आमच्याकडे इंदापुरातून तुकोबांची पालखी जाते, वारकऱ्यांची ये-जा असते, त्यामुळे तेर हे गाव सगळ्यांना ठाऊक. गोरोबाकाकांचं तेर. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी करत गेलं की येतं, तेरणेच्या काठावर. इंटरनेट आर्काइव्हवर 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या पुस्तकाचं शॉफनं केलेलं १९१२चं भाषांतर आहे. पहिल्या शतकातल्या, ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या, इजिप्तकडच्या कुणा व्यापाऱ्याचं हे टिपण. नाव माहीत नाही. त्याच्या एक्कावन्नाव्या परिच्छेदात येतं की बारिगाझा म्हणजे भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर टगर. पैठणहून गोमेदासारखे खडे, टगरहून जाडंभरडं कापड आणि मलमली, हे सगळं गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातं. बावन्नाव्यात कल्याण आणि सोपारा आहेत. कल्याणच्या बंदरात म्हणे नव्या सत्तेमुळे अडचण झालीय, आणि तिथं चुकून उतरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात.

हे टगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात चांगलीच वादावादी झाली. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. फ्लीटनं १९०१ साली ते तेरच असल्याचं मांडलं आणि ते टिकलं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक पोरगा ताडकन म्हणाला, "सर, माझी आत्या तिथंच दिलीय." त्यानंतर पेरिप्लस कुणाला वाचायला सांगावा लागला नाही. अथेन्सला कुणाची आत्या दिलेली नव्हती, म्हणून ते इतके दिवस परकं होतं. माझ्या सगळ्या शिकवण्यापेक्षा त्या एका नात्यानं जास्त काम केलं.

आम्ही गेलो तेरला. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, टेकाडावरून जमवलेल्या वस्तूंचं तिथं सरकारी संग्रहालय आहे. मणी, मातीच्या मूर्ती, शंखाची कामं, आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली राखेखालून अशीच एक हस्तिदंती मूर्ती निघाली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिकडं पोचलेली. भोकरदनलाही त्याच घराण्यातली मूर्ती सापडली. मुलांनी पॉम्पेईच्या मूर्तीचा फोटो फोनवर उघडला आणि काचेशी धरून ताडून पाहिलं: कमरपट्टा, पायातले वाळे, उभं राहण्याची ढब. इंटरनेटवरची चित्रं ही अशी कामाची. ज्याला तेरला जाता येतं त्याला नेपल्स खिशात घेऊन जाता येतं. आत्याकडे सगळ्यांचं जेवण झालं, हे वेगळं सांगायला नको.

परतताना जुन्नरच्या लेण्यांचा विषय निघाला. तिथल्या शिलालेखांत यवन दात्यांची नावं आहेत: इरिलानं दिलेली पाण्याची दोन टाकी, चिटानं दिलेला भोजनमंडप. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचं पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांवरचं १८८१चं पुस्तक आर्काइव्हवर मिळतं. ग्रीक-रोमन संस्कृतीचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरावरून सुरू करता येतो, हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या का लक्षात येत नाही, कोण जाणे.

आणि आता कोलुमेला. या माणसाशी माझी ओळख लॅकस कर्टियस या संकेतस्थळावर झाली. शिकागो विद्यापीठाच्या सर्व्हरवर आहे, पण काम एकट्याचं: बिल थेअर नावाच्या गृहस्थानं १९९७पासून जुनी पुस्तकं हातानं टंकून तिथं लावली आहेत. केटो, वॅरो, कोलुमेला, तिघंही शेतीवर लिहिणारे रोमन. कोलुमेला स्पेनमधल्या काडीझचा, पहिल्या शतकातला. तिसऱ्या भागात तो द्राक्षबागेचं अंदाजपत्रक मांडतो. सात युगेरा जमीन. एक युगेरम म्हणजे साधारण पंचवीस गुंठे. तेव्हा सगळी मिळून ४ एकर १५ गुंठ्यांच्या आसपास. जमीन ७,००० सेस्टर्स. वेली, टेकू, बांधणी यांचे युगेरमला २,००० प्रमाणे १४,०००. बागेत काम करणारा जाणकार गुलाम ८,०००. एकूण २९,०००. पहिली दोन वर्षं बाग फळत नाही, म्हणून सहा टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज ३,४८०. सगळे मिळून ३२,४८०.

हे मी फळ्यावर लिहिलं, इंग्रजीच्या तासाला. वर्गातल्या निम्म्या घरी द्राक्ष किंवा डाळिंब, त्यामुळे सगळे सरसावून बसले. पहिला प्रश्न व्याजाचा आला: सहा टक्के? सोसायटीचं की सावकाराचं? मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माणूस जमिनीपेक्षा महाग." आकडे होतेच समोर, पण मी ते तसे एकाखाली एक पाहिले नव्हते. माणूस आठ हजार, जमीन सात. कारखान्याला ऊसतोड टोळ्या पुरवणाऱ्या मुकादमाचा पोरगा होता तो. "उचल मांडल्यासारखा मांडलाय," तो म्हणाला. राज्यशास्त्राच्या नोट्समध्ये 'ॲरिस्टॉटलचे गुलामगिरीविषयी विचार' हा मुद्दा पाच गुणांचा असतो आणि तो सगळ्यांना पाठ असतो. त्यावर चर्चा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा झाली. तास संपल्यावर व्हरांड्यातही चालू राहिली.

त्याच ओघात स्टॅनफर्डचं ऑर्बिस दाखवलं. २०१२ साली आलेला हा नकाशा रोमन साम्राज्यात कुठूनही कुठं जायला किती दिवस, किती खर्च, हे ऋतू धरून काढून देतो. समुद्रानं माल स्वस्त, बैलगाडीनं भयंकर महाग. ज्यांनी उसाच्या थळावर बैलगाड्यांच्या रांगा पाहिल्यात त्यांना यात नवल वाटलं नाही. नकाशा भारतापर्यंत येत नाही, त्यामुळे तेरचं भाडं काढायचं राहून गेलं.

बोरीकडच्या एका मुलानं कोलुमेलाचा हिशेब वहीत उतरवून घरी नेला. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील कचेरीच्या कामानं इंदापुरात आले, ते कॉलेजवरच आले. अर्धी द्राक्षं, अर्धं डाळिंब असलेला माणूस. वही उघडून म्हणाले, "सर, ह्यात औषधाचा खर्च कुठं धरलाय? आन् तोडणीची मजुरी? त्या गड्याला दोन टाइमचं जेवाण कोण घालतंय?" अभ्यासकांचा कोलुमेलावरचा आक्षेप नेमका हाच आहे: अवजारं, रस काढायची व्यवस्था, गुलामाचं पोट, यातलं काही त्यानं धरलेलं नाही. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग कागदावर सगळ्यांचीच बाग फायद्यात." जाता जाता त्यांनी विचारलं, डाळिंबाचं काही लिहिलंय का या माणसानं. फळ तडकतंय फार.

लिहिलंय. पाचव्या भागात. लोएबचा दुसरा खंड आर्काइव्हवर सापडला. फळं फुटू नयेत म्हणून कोलुमेला सांगतो, झाड लावताना बुंध्याशी तीन दगड ठेवावेत. झाड आधीच लावलेलं असेल तर जवळ रानकांद्यासारखा एक कंद लावावा. आणि तिसरा उपाय, फळ पिकलं की फुटायच्या आधी देठ पिळून ठेवावा. अशी फळं वर्षभर राहतात. मी फोनवरून वाचून दाखवलं. पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "दगडाचं काय खरं नाही. पाणी मागंपुढं झालं की तडकतंय, बोरॉन कमी पडलं की तडकतंय. दगड काय करणार त्याला?" आणि थोडं थांबून, "देठ पिळायचं मात्र एका झाडावर करून बघतो. पिळायचा म्हंजे किती, ते लिवलंय का बघा."

ते लिहिलेलं नाही. मी केटो आणि वॅरो चाळतोय.